ब्रीडाची लोकर आणि भरतीचं पाणी

पाणी दाराच्या फटीतून आत आलं तेव्हा ब्रीडा म्हणाली, "मी इथंच बसते. तुम्ही दोघी चालत जा."

मृणालने ते मला मराठीत सांगितलं. मृणाल माझी सून. गाडी तीच चालवत होती, आणि आता गाडी चालत नव्हती. पुढची चाकं वाळूत रुतून बसली होती. आमच्या मागं आयर्लंडच्या पश्चिम टोकाचं एक छोटं बेट, पुढं किनारा, आणि मध्ये समुद्राच्या तळावर आम्ही. ओहोटीला हा तळ उघडा पडतो आणि लोक त्यावरून गाड्या नेतात. भरती आली की तो पुन्हा समुद्र होतो. आत्ता भरती येत होती. आमच्या ओढ्याला पूर येतो तो एका बाजूने, आणि गर्जत येतो. हे पाणी डावीकडून येत होतं आणि उजवीकडूनही, काही आवाज न करता.

ब्रीडा मागच्या सीटवर होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी, एका पायाचा खुबा दुखरा, हातात काठी. मांडीवर पुठ्ठ्याच्या खोक्यात कोकरू. त्याची दुधाची वेळ झाली होती म्हणून ते ओरडत होतं. आमच्यापैकी मोकळेपणाने ओरडणारं तेवढंच एक होतं.

"तिला इचार," मी म्हणाले, "हितं बसून काय करणार हाय? मासं मोजणार?"

"आई, प्लीज!" मृणालच्या कानाला फोन होता. मदतीच्या नंबरवरची बाई सांगत होती की बोट निघाली आहे, पण लांबून येते आहे. "वेळ लागेल म्हणतायत."

"मग आपण चालू."

"त्या उतरतच नाहीयेत!"

"मग आपण बी न्हाई उतरत."

मृणालने माझ्याकडे बघितलं. लग्न होऊन बारा वर्षं झाली, पण तिने माझ्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

ॲडम्सटाउन, शेजारचं घर

परत आल्यापासून गावातल्या बाया विचारतात, तिकडं जाऊन काय केलंस. एकेकीला सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढते. मी चौथीपर्यंत शिकले. त्याच्यापुढं गावात शाळा नव्हती. आमचं गाव जत तालुक्यात. घरची मेंढरं. लोकर कातरायची, पिंजून आणायची, सूत काढायचं आणि घोंगडी विणायला सणगराकडे द्यायचं, हे लहानपणापासून बघितलेलं. गोधड्या किती शिवल्या ते मोजलं नाही.

मुलगा प्रशांत कॉम्प्युटरच्या नोकरीत. तो डब्लिनजवळ ॲडम्सटाउनला राहतो. रेल्वे स्टेशनला लागून नवीन वसवलेलं गाव आहे. घरं सगळी एकसारखी, जशी एका साच्यातली. पहिल्याच आठवड्यात मी फिरून आले ती दुसऱ्याच्याच घरात शिरले. दार मांजरासाठी उघडं ठेवलेलं होतं. मी आपली चपला काढून आत गेले. बघते तर खुर्चीत एक गोरी म्हातारी लोकर विणत बसलेली. तिने मला बघितलं. मी तिला बघितलं. ती ओरडली नाही, घाबरली नाही. उठून चहाचं पाणी ठेवलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं.

आपल्या गावात कुणी परकी बाई लुगडं नेसून सरळ स्वयंपाकघरात आली असती तर आधी चार प्रश्न विचारले असते. मी तरी विचारले असते.

ही नोरा. मुलीकडे राहते. मी बसले ती चहासाठी नव्हे, तिचे हात बघायला. डोळे टीव्हीवर, सुया खाली चालूच. आम्ही घोंगडीवाले, आमची लोकर मागावर चढते. दोन सुयांवर नुसत्या हातांनी अंगात घालायचा कपडा उभा राहतो, हे मी इतक्या जवळून बघितलं नव्हतं. तासाभराने प्रशांत मला शोधत आला तेव्हा माझ्या हातात सुया होत्या.

"आई, हे आपलं घर नाही."

"ठावं हाय मला. गप बस, टाका सुटंल."

त्यानंतर रोज दुपारी नोराकडे. नात सई शाळेतून आली की दुभाषी व्हायची. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते इंग्रजी, तेही इथल्या हेलात. मी विणलेली पहिली पट्टी खाली निमुळती आणि वर सुपासारखी झाली, कारण टाके आपोआप वाढत गेले. नोरा खोकला येईपर्यंत हसली, आणि मग सुई काढून सगळं उसवलं. मला राग आला. गोधडीत एखादा टाका वाकडा गेला तर तो तसाच राहतो. पांघरून झोपायचंच असतं, कोण बघतंय? नोराचं तसं नाही. एक टाका चुकला तर दहा ओळी उसवणार आणि वर म्हणणार, "ग्रँड." इकडे ग्रँड म्हणजे ठीक. पाऊस पडला तरी ग्रँड, गुडघा सुजला तरी ग्रँड.

तिने मला तिच्या आईने भरलेला एक रुमाल दाखवला. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने वेली, पानं, ब्लॅकबेरीची फळं. मी म्हटलं, दिसतच नाही तर भरायचं कशाला? नोराने तो खिडकीशी धरला. उजेड आडवा पडला आणि पानं फुगून वर आली. बरं दिसत होतं. पण मी लाल दोरा वापरला असता.

नोराची धाकटी बहीण ब्रीडा. ती पश्चिमेकडे बेटावर एकटी राहते, स्वतःची मेंढरं पाळते आणि त्यांच्याच लोकरीचं सूत काढून विणते. तसं करणाऱ्या आता फार थोड्या उरल्यात, नोरा म्हणाली. नोराला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती आणि घरी जेवण होतं. ब्रीडा येणार नव्हती. कितीतरी वर्षांत ती डब्लिनकडे आली नव्हती, आणि नोराच्याने आता बेटावर जाववत नव्हतं. फोनवर दोघी भांडायच्या. मेंढरांना कोण बघणार, हे ब्रीडाचं कायमचं उत्तर.

"मी आणते तिला," मी म्हणाले.

प्रशांत रात्री जेवताना म्हणाला, "आई, ती काय मेंढी आहे का धरून आणायला?"

"मेंढी असती तर सोपं होतं," मी म्हटलं.

मृणालने तीन दिवसांची रजा टाकली. मी बेसनाचे लाडू वळले आणि स्टीलच्या डब्यात भरले. ब्रीडाला द्यायला घरून आणलेली काळी घोंगडी घेतली.

गॉलवे

मृणाल पुण्याची. शहाणी आहे, पण गाडीत ती आणि मी अशा दोघीच कधी इतका वेळ बसलो नव्हतो. मलिंगारचा फाटा मागं पडेपर्यंत आम्ही सईबद्दल बोललो, मग प्रशांतच्या पोटाबद्दल, मग विषय संपले. ती गाण्यांकडे वळली, मी सुयांकडे. गाडी नवीन होती, विजेवर चालणारी. माझे चिवड्याचे तुकडे सीटवर पडले की ती काही बोलायची नाही, फक्त नाकाने श्वास घ्यायची.

गॉलवेला पाऊस, वारा आणि स्वेटरची दुकानं. एका दुकानदाराने वेणीचे, जाळीचे, मधाच्या पोळ्याचे टाके दाखवून प्रत्येकाचा अर्थ सांगितला. हा टाका कोळ्याच्या दोरखंडाचा, हा मधमाशीच्या कष्टाचा. प्रत्येक घराची नक्षी वेगळी, म्हणे, म्हणजे समुद्रात बुडालेला माणूस स्वेटरवरून ओळखता यावा. मृणालचे डोळे भरून आले. मी स्वेटर उलटा करून बघितला. यंत्रावरचा होता.

दुपारी मासा खाल्ला, पिठात बुडवून तळलेला. मासा चांगला. सोबत बटाटा. इकडे सगळ्यासोबत बटाटा असतो. मी पिशवीतून शेंगदाण्याची चटणी काढली, मृणालने आधी इकडेतिकडे बघितलं आणि मग तिनेही घेतली.

बेट

किनाऱ्यावर एक फलक होता: गाडी कधी न्यावी, कधी नेऊ नये. मृणालने तो वाचला, फोनवर वेळा बघितल्या, गजर लावले. समोर ओली चकचकीत वाळू, आणि तिच्यात बाण रंगवलेल्या खांबांची रांग बेटापर्यंत गेलेली. खांब सोडायचे नाहीत, असं फलकावर लिहिलेलं होतं. मृणालने मला ते दोनदा वाचून दाखवलं, जशी काय गाडी मीच चालवणार होते.

ब्रीडा दारात उभी होती. उंच, हाडापेराने रुंद, पुरुषी बूट, अंगात तपकिरी स्वेटर. मृणाल म्हणाली, "त्या विचारतायत चहा घेणार का."

"नको म्हण. आत्ताच आलो."

मृणालने नको म्हटलं. ब्रीडाने पुन्हा विचारलं. मृणालने पुन्हा नको म्हटलं. तिसऱ्यांदा ब्रीडाने विचारलंच नाही, कप ठेवले. मला बरं वाटलं. इतक्या लांबच्या मुलखातही नको म्हणजे हो असतं, हे ठाऊक असलेली माणसं आहेत. मृणाल म्हणाली, "आई, ऑफिसमध्ये मला हे कळायला दोन वर्षं लागली."

दोन दिवस आम्ही लोकरीत होतो. ब्रीडाची मेंढरं आमच्या मेंढरांपेक्षा गुबगुबीत, लोकर लांब आणि इतकी तुपकट की हात मऊ पडले. आमच्याकडे पिंजारी धनुकलीने लोकर पिंजतो. ती खिळ्यांच्या दोन फळ्या घेऊन विंचरते, लहान पोरीचे केस विंचरावेत तशी. सूत काढायच्या चाकावर मी पहिल्यांदा बसले तेव्हा सूत तुटलं, मग दोरखंड निघाला, मग संध्याकाळपर्यंत सुतासारखं सूत निघायला लागलं. ब्रीडाने ते बोटात धरून बघितलं. ग्रँड म्हणाली. मृणालने चाक फिरवलं आणि तिचं सूत माझ्यापेक्षा सरळ निघालं. ती खूश झाली. मी माझं सूत गुंडाळून ठेवलं.

घोंगडी दिली तेव्हा ब्रीडाने ती गालाला लावली आणि झटकन लांब केली.

"काय म्हणतीय?"

"म्हणतायत, ही काट्याच्या झुडपाची लोकर आहे का?"

"सांग तिला, आमच्या मेंढ्या काटंच खात्यात."

त्यावर ती मोठ्याने हसली. मग घोंगडीची घट्टाई बघून विचारायला लागली. विणण्याआधी सुताला चिंचोक्याची खळ लावतात, हे सांगताना मृणालची दमछाक झाली, कारण चिंच म्हणजे काय इथून सुरुवात करावी लागली. पण ब्रीडाला समजलं. वारा आत येतो का, असं तिने विचारलं. नाही, मी म्हटलं. पाऊस? तो पण नाही. मग तिने ती खांद्यावर घेतली आणि काढलीच नाही.

वेणीचा टाका तिनेच मला शिकवला. नोरा त्यासाठी तिसरी, छोटी सुई वापरते. ब्रीडा टाके सरळ सोडून देते, ते हवेत उघडे लोंबतात, आणि ती दुसऱ्या बाजूने त्यांना अलगद उचलते. बघताना माझाच जीव वर आला. मी तसं केलं आणि टाके सगळे खाली ओघळले. ती उसवायला निघाली तेव्हा मी तिच्या हातावर चापट मारली. राहू दे. तिने राहू दिलं. ती पट्टी माझ्याकडे आहे, भोकासकट.

मृणालने दुकानदाराचं सगळं सांगितलं, मधमाशी आणि दोरखंड.

"बुडालेल्या कोळ्याचं सांगितलं का त्याने?" ब्रीडाने विचारलं.

"हो."

"सगळ्यांना सांगतात. माझी आई वेणी घालायची कारण वेणी जाड होते आणि जाड असलं की ऊब येते." ती पुढं म्हणाली, "बुडालेला माणूस तोंडावरून ओळखतात."

जेवायला मटण होतं, बटाटे आणि गाजर घालून शिजवलेलं. रस्सा छान, पण बिनतिखटाचा. चटणी दिली तर तिने चमचाभर तोंडात टाकली, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोण्याबरोबर पावाला लावून खाल्ली.

आता मूळ काम. नोराच्या जेवणाचा विषय काढला की ती मेंढरांवर जायची. मेंढरं किनाऱ्यावरचा मायकेल बघेल, असं मृणालने तिच्याकडूनच काढून घेतलं. मग कोकरू. त्याची आई मेली होती, त्याला बाटलीने दूध लागतं. कोकरू गाडीत घेऊ, मी म्हणाले. मृणालने नाकाने श्वास घेतला.

"बघू," ब्रीडा म्हणाली. "पुढच्या वर्षी."

मी म्हटलं, "मृणाल, तिला सांग. बहीण ऐंशीची झाली. पुढच्या येळंला बोलावणं यील ते मयताचं असंल."

"आई! मी हे नाही सांगणार."

"सांग."

"असं कोणी बोलतं का?"

"मी बोलते. तू नुसतं इंग्रजी कर."

मृणालने केलं, चेहरा लाल करून, हळूच. ब्रीडाने चुलीतला विस्तव सारखा केला. मला वाटलं आता आपल्याला हाकलणार. मग ती उठली, पलंगाखालून बॅग ओढली आणि धूळ झटकली.

"ही बाई," ती मृणालला म्हणाली, "तुझी सासू आहे?"

"हो."

"बिचारी गं तू."

निघताना

सगळं वेळेवर होतं. मृणालचा पहिला गजर झाला तेव्हा आम्ही तयार होतो. कोकरू खोक्यात, बॅग गाडीत, आणि लोकर भरलेलं खताचं मोठं प्लॅस्टिकचं पोतं मागच्या डिकीत. नोराला ते द्यायचं होतं. मी डबा मागितला.

आदल्या दिवशी बोलता बोलता मी सांगितलं होतं की आमच्यात शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. साखर तरी घालतात, शेंगा तरी. सांगण्यात काही हेतू नव्हता. पण आता ब्रीडाने डबा उघडून बघितला, बंद केला आणि बूट काढले. पीठ घेतलं, ताक ओतलं, सोडा टाकला आणि पावाचा गोळा भट्टीत घातला.

"काही गरज नाही म्हण."

मृणालने म्हटलं. पण आम्ही नको म्हणणाऱ्या माणसांपैकी आहोत, हे तिला दोन दिवसांत कळलं होतं.

दुसरा गजर झाला. मृणाल दारात जाऊन समुद्राकडे बघून आली. तिसरा झाला. तिने माझ्याकडे बघितलं. बोलली नाही, मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही, असं तिच्या आईने शिकवलं असणार. मी बोलले नाही, कारण पाव माझ्या डब्यासाठी होता. ब्रीडा जन्मभर त्या वाळूतून गेलेली. तिने खिडकीतून एकदा बाहेर बघितलं आणि म्हणाली, "वेळ आहे." पाव निघाला, गरम म्हणून डब्यात मावेना, मग कापला. मग दारात उभं राहून मेंढरांना हाका मारल्या. मग काठी राहिली.

आणि खरंच वेळ होता. खांबांच्या रांगेने सरळ गेलो असतो तर पोचलो असतो. पण मध्यावर खांबांच्या बुडाशी पाण्याचं तळं साचलेलं होतं. ब्रीडा मागून म्हणाली, सरळ चालव, फार खोल नाही.

"खारं पाणी आहे!" मृणाल म्हणाली. "खाली बॅटरी आहे!" आणि तिने गाडी उजवीकडे, कोरड्या दिसणाऱ्या वाळूवर घातली.

ती वाळू कोरडी दिसत होती, पण भुसभुशीत होती.

पाणी

तर ब्रीडा उतरत नव्हती आणि मीही उतरत नव्हते. पाणी माझ्या घोट्यांना लागलं, इतकं गार की हाडं दुखली. ब्रीडा म्हणत होती, तिच्या पायाने तिला काठापर्यंत जाता येणार नाही, ती आम्हालाही बुडवेल. तुमच्या घरी लहान मूल आहे, असंही म्हणाली. हे तिचं बरोबर होतं. पण तिला बेटावरून बाहेर काढलं कुणी? मी. तिला तिथं सोडून मी नोराच्या जेवणाला काय तोंड घेऊन गेले असते?

मी हे बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात मृणालने फोन खिशात टाकला आणि किंचाळली, आधी इंग्रजीत ब्रीडावर, मग मराठीत माझ्यावर.

"बास! दोघी गप्प बसा आणि उतरा! दोघीही! आत्ताच्या आत्ता!"

आम्ही उतरलो. दोघीही.

पाणी गुडघ्याच्या वर होतं आणि ओढत होतं. मृणालने डिकी उघडली, दोरी शोधायला, तर लोकरीचं पोतं बाहेर घसरलं आणि पाण्यावर बसलं. बुडालं नाही. तोंड घट्ट बांधलेलं, आत सगळी हवा आणि लोकर. आम्ही दोघींनी एकदमच एकमेकींकडे बघितलं.

ब्रीडाला पोत्यावर पालथी घातली. ती शिव्या देत होती असं मला वाटतं; ती भाषा इंग्रजी नव्हती, तिकडची आयरिश असणार, आणि मृणाललाही कळली नाही. तिच्या खांद्यावरची घोंगडी भिजून दगडासारखी झाली होती, ती मी ओढून काढली आणि पाण्यात सोडली. कोकरू पदरात घेऊन पाठीला बांधलं, आमच्याकडे बाया लेकरं बांधतात तसं. माझा कासोटा पक्का होता. मृणालची पँट भिजून पायांना चिकटली, तिला पाय उचलवेना. एका बाजूने मी, एका बाजूने ती, मध्ये पोतं आणि पोत्यावर ब्रीडा. पोतं ढकलत आधी खांबांच्या रांगेकडे, मग खांबाकडून खांबाकडे. मधल्या भागात पाणी माझ्या छातीला आलं. तिथं माझा एकदा पाय चुकला आणि मी पाण्याखाली गेले. मृणालने माझी वेणी धरून वर ओढलं. वेणीच धरली. डोकं अजून दुखतं.

"आई, पाय टेकतायत का?"

"टेकतात. वढू नको!"

"सोडू?"

"सोडू बी नको!"

ब्रीडा पोत्यावरून काहीतरी म्हणाली. मृणाल हुंदके देत होती आणि त्यातच हसायला लागली. "त्या म्हणतायत, ही लोकर ओली झाली तर नोरा मला मारून टाकेल."

तेवढ्यात किनाऱ्यावरून ट्रॅक्टर पाण्यात शिरला. मायकेल. तो अंगणातून सगळं बघत होता आणि आधी त्याचा विश्वासच बसला नाही. ट्रॅक्टरच्या पुढं लोखंडी सुपडं असतं, शेण उचलायचं. त्यात त्याने आधी ब्रीडाला घेतलं, मग मला, मग मृणालला, आणि पोतंही. अंगावरून पाणी निथळत आम्ही किनाऱ्याकडे निघालो. मायकेल वरून मोठ्याने बोलत होता.

"काय म्हणतोय?"

"म्हणतो, ब्रीडा, इतक्या वर्षांनी डब्लिनला निघालीस आणि नेमकं आजच बुडायचं होतं?"

"आणि ती?"

"पाव भाजायला वेळ लागला म्हणाल्या."

मायकेलच्या बायकोने आम्हाला विस्तवासमोर बसवलं, चहा दिला आणि कपडे दिले. मी जन्मात पहिल्यांदा पँट घातली, मायकेलची. कोकराला भट्टीजवळ फडक्यात ठेवलं. ते थंड पडलं होतं, डोळे मिटलेले. ब्रीडाने त्याच्या तोंडात बोट घालून बघितलं आणि मान हलवली. मग तिने त्याला चोळायला घेतलं, ती दमली तेव्हा मी, मी दमले तेव्हा मृणाल. बराच वेळ काही नाही. मग त्याने बोट चोखलं.

मदतीची बोट आली, त्यांनी आम्हाला तपासलं आणि मायकेलशी गप्पा मारून गेले. प्रशांत मित्राची गाडी घेऊन संध्याकाळपर्यंत पोचला. मला पँटीत बघून तो दारातच थबकला. मृणालने त्याला आधी गाडीचं सांगितलं. तो म्हणाला, गाडीचं राहू दे. मला वाटलं होतं तो मला बोलेल. बोलला नाही. मृणालनेच मला बोलायचं ते सगळं घरी परत जाताना बोलून घेतलं, मागच्या सीटवरून, गॉलवेपासून मलिंगारपर्यंत. मी ऐकून घेतलं. मधूनमधून ब्रीडा तिची बाजू घेत होती.

नोराचं जेवण त्याच रात्री होतं, आम्ही पोचलो ते संपल्यावर. नोरा खुर्चीतून उठली नाही. बहिणीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"केक उरलाय का?" ब्रीडाने विचारलं.

दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि भांडायला लागल्या. ब्रीडा आठवडाभर राहिली. मग मायकेल येऊन तिला घेऊन गेला.

ओहोटी आल्यावर गाडी ट्रॅक्टरने ओढून काढली. ती पुन्हा सुरू झाली नाही. घोंगडी सापडली नाही. पाण्यात आम्ही चौघी होतो: ब्रीडा, मृणाल, मी आणि कोकरू, कोकरूही मादीच होतं. चौघी वाचलो.